एसीच्या खोलीतला पार्सर

३ एप्रिल, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यापुरती.
काम: आमच्या डेटाबेसचा क्वेरी पार्सर नव्याने रचणे. लोकांनी विचारलेला प्रश्न वाचायचा, शब्द सुटे करायचे आणि नेमकं काय हवंय ते पुढच्या कोडला सांगायचं, हे पार्सरचं काम. पंधरा वर्षं ज्याला जे सुचलं ते त्याने एकाच फाइलीत कोंबून ठेवलंय. टीम लीड मैथिली म्हणाली, ३० एप्रिलपर्यंत निस्तर. जमलं तर कायम दिवेआगरच्या घरूनच काम. नाही तर ४ मेपासून पुण्याच्या ऑफिसात हजर.
जमणारच. मला गाव सोडवत नाही. आईला आणि भाऊंना मला सोडवत नाही.
माझ्या हाताखालचा सलिल म्हणत होता, रोज थोडं थोडं नव्या फाइलींत हलवू, तपासू, मग पुढे जाऊ. मी म्हटलं, गळक्या घराला ठिगळं कसली लावायची? पाडायचं आणि बांधायचं. बघतो म्हणाला. पटलं असणार.

७ एप्रिल
आराखडा तयार. चार रंगांत. कोड अजून लिहिला नाही, पण नवीन भागांची नावं ठरवतोय. नाव नीट पडलं की निम्मं काम झालं.
भाऊंनी पर्यटकांसाठी घरात चार खोल्या काढल्यात. एसी एकाच खोलीत, आणि तिथे मी. आज भाऊ फोनवर कुणाला तरी सांगत होते, एसीची खोली आहे हो, पण आत मुलगा आहे. आवाजात केवढा अभिमान!

११ एप्रिल
म्हसळ्याच्या बाजूला काहीतरी बिघाड. दिवसभर लाइट नाही. दोन नावं नक्की केली.
आईने विचारलं, कधी रे संपणार तुझं? रोजच विचारते. तब्येतीची काळजी, दुसरं काय. म्हटलं, आई, अशा कामात घाई करून चालत नाही. ती पाहुण्यांचे टॉवेल वाळत घालायला गेली.

१५ एप्रिल
सुरुवात! फाइलीची माझ्यापुरती प्रत काढली आणि तिच्यातला निम्मा कोड उडवला. सगळा वाचला नाही, पण अनुभवी माणसाला नुसतं बघून कळतं. कोकम सरबत दोन ग्लास.
दुपारी: टेस्ट चालवल्या. सगळ्या लाल, म्हणजे नापास. हे अपेक्षितच होतं.
संध्याकाळी: अजून लाल.

१८ एप्रिल
सगळे ग्राहक दाखव, एवढा साधा प्रश्न पार्सरला कळेना. आठवड्यापूर्वी बिचाऱ्याला सगळं कळत होतं. उडवलेली एक अट परत आणली, तर ग्राहक दिसले आणि तारखा गेल्या. तारखा आणल्या, तर ग्राहक गेले.
शेजारच्या खोलीत ठाण्याचं कुटुंब. त्यांच्या पोराचा सारखा दंगा. शेवटी बाहेर जाऊन सांगितलं, इथे काम चालतं. ते एक दिवस आधीच निघून गेले. भाऊ संध्याकाळभर काही बोलले नाहीत. त्यांनाही ती शांतता आवडली असावी.

२३ एप्रिल
सलिल माझ्या पाठीमागे मूळ फाइलीतले तुकडे हलवतोय! त्यामुळे माझा कोड तिच्याशी जुळत नाही. थांब म्हटलं. तो म्हणाला, मैथिलीताईंना विचारूनच करतोय, आणि टेस्ट हिरव्या आहेत. एवढंसं हलवल्यावर हिरव्याच असणार! मला त्याची कीव आली.

२४ एप्रिल
दिवसभर बसून सगळं जुळवलं. संध्याकाळी सलिलने आणखी एक तुकडा हलवला. परत सगळं बिनसलं.

२८ एप्रिल
भीती वाटते. इथे लिहायला काय हरकत आहे. स्क्रीनसमोर बसतो आणि कुठून धरावं तेच कळत नाही. जिथे हात लावावा तिथून दुसरीकडचं सुटतं.
पोफळीच्या बागेत जाऊन बसलो. भाऊ शिंपणं करत होते. म्हणाले, जमत नसेल तर सांगून टाक त्यांना. म्हटलं, जमतंय.

३० एप्रिल, दुपारी
मीटिंग झाली. मी चार रंगांचा आराखडा दाखवला. मैथिलीने पुरता बघून घेतला. मग म्हणाली, सलिलने सकाळी शेवटचा तुकडा हलवला. मी जी फाइल फोडत होतो ती आता अस्तित्वातच नाही.
मग माझा कोड जोडायचा कुठे, असं विचारलं. सलिल म्हणाला, दादा, तुमची नावं छान होती, दोन घेतली मी.
सोमवारी पुणे. फार वाईट वाटलं.

३० एप्रिल, संध्याकाळ
आईला कसं सांगावं या विचारात चहा गार झाला. शेवटी सांगितलं. ती म्हणाली, अगोबाई! कुठल्या गाडीने? मी सोमवार म्हणत होतो, पण भाऊ म्हणाले, एक तारखेपासून सुट्ट्या लागून आल्यात, एस.टी.ला गर्दी होईल, उद्या पहाटेचीच धर. तेवढ्यात माझं टेबल ओटीवर आलं, पलंगावर नवी चादर पडली.
धक्का बसला की माणसं अशी कामात जीव रमवतात. मला दोघांकडे बघवेना.

९ मे, पुणे
शनिवार. ऑफिसात मी आणि वॉचमन. पार्सर पूर्ण झाला म्हणून टीम सहलीला गेलीय. ग्राहकांचे फोन घ्यायला कुणीतरी मागे राहायला हवं होतं. मैथिलीने परवा विचारलं होतं, तुझ्या घरी एसीची खोली मिळते का? म्हटलं, आता मिळते.
ग्रुपवर फोटो आलाय. सलिल माझ्या पलंगावर, हातात उकडीचे मोदक. मला महिनाभरात एकदाही केले नव्हते.
आत्ता आईचा फोन आला. म्हणाली, मुलं किती गुणी आहेत रे, बाकीच्या पाहुण्यांशीही छान बोलतात. त्यांना सोमवारीही राहायचंय, पण कामाचं अडतंय म्हणे. तू करशील का त्यांचं?
हो म्हटलं.