तितर छापाचं फ्रीव्हील

कोठे मल्लूवाला, जि. बठिंडा
२२ नोव्हेंबर १९९४

ती. नछत्तर वीरजी यांस,
धाकट्या बहिणीची, बंतोची, सत् श्री अकाल. वि. वि. इकडे मी खुशाल. तुम्ही आणि भाबी बरी असाल, अशी वाहेगुरूपाशी अरदास करते.

पत्रास कारण की माझ्या सायकलीचे कुत्ते मेले. आमच्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाई चंदीगडच्या. उशीर का झाला म्हणून त्यांनी विचारलं, मी हेच उत्तर दिलं, तर बिचाऱ्या हळहळल्या आणि किती पाळले होते म्हणून विचारू लागल्या. फ्रीव्हीलच्या पोटात जी दोन बोटं दात धरून बसतात त्यांना आपण कुत्ते म्हणतो, हे पटवून देता देता माझा चहा निवला.

थट्टा राहू दे. पायडल नुसतं गरगर फिरतं आणि चाक जागचं हलत नाही. माझ्याकडे पाच गावं आहेत. लशींचा डबा मागे बांधून निघते, आणि बर्फ दुपारपर्यंतच टिकतो. बस इकडे येत नाही. मोठ्या कंपनीचं फ्रीव्हील मला झेपणार नाही आणि बठिंड्याच्या बाजारात स्वस्तातल्या दहा छापांची गर्दी आहे. तुमचं अख्खं आयुष्य सुट्या भागांच्या दुकानात गेलं, तेव्हा कुठलं घेऊ ते तुम्हीच सांगा. आणि रागावू नका, पण आपल्या सरवणच्या कारखान्यातलं ‘तितर’ कसं आहे हो? इथला गेला सिंग नावाचा मिस्त्री त्याची फार तारीफ करतो.

भाबीच्या हातच्या पिन्न्यांची, त्या तुपातल्या लाडवांची, आठवण येते, हे तिला मुद्दाम वाचून दाखवा. माया आहेच, ती अशीच राहू द्या.
तुमची बंतो

---

गिल रोड, लुधियाना
२९ नोव्हेंबर

चि. बंतो हिस,
अनेक आशीर्वाद. पत्र पावलं. पिन्न्या पाठवल्या आहेत, वाटेत कंडक्टरने खाल्ल्या नाहीत तर पोचतील.

मोठ्या कंपनीचा नाद सोड, तिथे निम्मे पैसे नुसत्या नावाचे. ‘घड्याळ’ छाप दिसायला चकचकीत, पण ते शहरातल्या कॉलेजकुमारांसाठी. तू ‘जहाज’ घे. त्याचे दात काळपट असतात, त्यावर जाऊ नको. काळपट म्हणजे नीट पाणी दिलेलं पोलाद. दुकानातच हातात धरून उलटं फिरव आणि कानाशी ने. टकटक एकसारखी यायला हवी. चेनचं पुढे लिहितो.

पण आधी त्या ‘तितर’चं. बापू गेल्यावर कारखाना मीच चालवावा, असं सगळे म्हणत होते. मी दुकान घेतलं आणि कानशी, भट्टी, विजेवरचा प्रेस सगळं सरवणला दिलं, कारण धाकटा आहे, हट्टी आहे, करू दे. तेव्हाच चार कारागिरांसमोर मी त्याला सांगितलं होतं की तुझ्या हाताला बापूंची सफाई नाही. खरं तेच बोललो. ते सरवणसाहेबांना एवढं लागलं की नऊ वर्षं माझ्या दाराची पायरी चढलेले नाहीत. मीही गेलो नाही आणि जाणार नाही. माझ्या दुकानात सत्तावीस छापांचा माल आहे, त्यात ‘तितर’ नाही. आपला भाऊ म्हणून मी माझ्या बहिणीला खड्ड्यात घालणार नाही. कागद संपला, म्हणून थांबतो.

प्रकृतीला जप, आणि पत्राला उशीर लावू नको.
तुझा वीर नछत्तर

---

कोठे मल्लूवाला
१२ डिसेंबर

ती. वीरजी यांस सत् श्री अकाल. वि. वि.

पिन्न्या पोचल्या, पाच कमी होत्या. आता बोलणी खायला तयार होऊन लिहिते. मी ‘तितर’ घेतलं. दुकानात कानाशी नेलं तर टकटक इतकी गोड वाजली की मला आपल्या अंगणात बसल्यासारखं वाटलं. परवा कालव्याच्या पुलावर चढताना पायडलवर उभी राहिले, चेन दातांवरून सटकली आणि मी डब्यासकट आडवी. गुडघा सुजला आहे. डबा फुटला, बर्फ मातीत गेला आणि चाळीस लेकरांच्या लशी टाकून द्याव्या लागल्या. त्यांच्या आया झाडाखाली वाट बघत बसल्या होत्या, याचं मला फार वाईट वाटतं.

फ्रीव्हील काढून पार्सलने पाठवत आहे. उघडून बघा आणि काय ते खरं लिहा.

भाबीस नमस्कार. लोभ उणा होऊ देऊ नका.
बंतो

---

लुधियाना
१९ डिसेंबर

चि. बंतो हिस आशीर्वाद.

गुडघ्याला हळद-तेल लाव आणि पंधरा दिवस सायकलीला हात लावू नको. हाड मोडलं नाही, ही वाहेगुरूची मेहेर.

मी तुला आधीच सांगितलं होतं. उघडून काय बघायचं त्यात? तुझं फ्रीव्हील मी दुकानाच्या गल्ल्यावर ठेवलं आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो की याने माझ्या बहिणीला पुलावरून पाडलं. सख्खा भाऊ सांगतो म्हटल्यावर लोकांचा विश्वास बसणारच. मोग्याच्या आणि जगरांवच्या व्यापाऱ्यांनी ‘तितर’ची खोकी परत पाठवली, असं कानावर आहे. आता तरी त्याला अक्कल येईल.

काळजी घे. ‘जहाज’ मी स्वतः निवडून पाठवतो.
तुझा वीर

---

कोठे मल्लूवाला
२७ डिसेंबर

ती. वीरजी यांस सत् श्री अकाल.

तुमच्या पत्राने माझा गुडघा दुखायचा राहिला आणि डोकं दुखायला लागलं. मी ते फ्रीव्हील तुम्हाला बघायला पाठवलं होतं, मिरवायला नव्हे. सरवणच्या बायकोचं, सिंदरचं पत्र आलं आहे. चार कारागीर घरी बसलेत आणि भट्टी आठवडाभर विझलेली आहे. सरवण नुसता कानस घेऊन बसतो म्हणे.

मिस्त्री गेला सिंग काल गुडघा बघायला आला. त्याने पहिली गोष्ट विचारली की चेन नवी टाकली होती का. मी म्हटलं, जुनी धडधाकट होती, सहा वर्षं चालली, उगाच कशाला बदलू. त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, मी बसवलं असतं तर होऊ दिलं नसतं. पण मी ते बठिंड्यातच बसवून घेतलं होतं.

मग तुमचं पहिलं पत्र काढून वाचलं. चेनचं पुढे लिहितो म्हणालात, आणि पुढे सगळा कागद सरवणवर संपवलात. चेन सोबत पाठवते आहे. तुम्ही बापूंचे थोरले. आता तरी ती मोजा आणि फ्रीव्हील उघडा.
बंतो

---

लुधियाना
५ जानेवारी १९९५

चि. बंतो हिस,
आशीर्वाद द्यायची आज लाज वाटते, तरी देतो.

चेनच्या बारा कड्या फूटपट्टीवर ठेवल्या. बारा इंचांत बसायला हव्यात. तुझ्या पाव इंचाने बाहेर गेल्या. एवढी ताणलेली चेन नव्या दातांवर बसतच नाही. जोर पडला की उडी मारणार, मग फ्रीव्हील कुठल्याही छापाचं असो. हे मी रोज वीस गिऱ्हाइकांना सांगतो. माझ्या बहिणीला सांगायचं राहिलं, कारण मला भावाला शिव्या द्यायची घाई होती.

मग फ्रीव्हील उघडलं. खोट सापडावी, असं तेव्हाही मनात होतं, तुझ्यापाशी खोटं बोलत नाही. आत दोन कुत्ते. त्यांच्या टोकाला हाताने कानस मारून किंचित उतार दिलेला. हल्ली हे कोणी करत नाही, फार वेळ जातो. बापू करायचे. माझ्या हाताला ते कधी जमलं नाही, म्हणून मी दुकान घेतलं. सगळे समजतात की मी मोठ्या मनाने कारखाना सोडला, आणि मीही समजू दिलं. गल्ल्यावर बसून मी लहान मुलासारखा रडलो.

काल सकाळपासून बाजारातल्या सगळ्या दुकानांत स्वतः गेलो, चेन आणि फूटपट्टी घेऊन. चूक माझी, माल चोख, असं प्रत्येकाला सांगितलं. मोग्याला आणि जगरांवला फोन केले. मोग्याचा परत घेतो म्हणाला, जगरांवचा हसला. अजून एकच दार उरलं आहे. तिथे कसं जायचं, ते कळत नाही.
नछत्तर

---

जनता नगर, लुधियाना
११ जानेवारी १९९५

ती. भैणजी यांस,
सरवणची पाया पडून पैरी पैणा. वि. वि. तुमचा गुडघा बरा असावा. सोबत नवं फ्रीव्हील आणि नवी चेन पाठवतो. दोन्ही एकदमच बसवा आणि दर महिन्याला तेल द्या. मोग्याच्या व्यापाऱ्याने खोकी परत मागवली, तीन कारागीर कामावर आले. चौथ्याने दुसरीकडे काम धरलं, त्याचं मला वाईट वाटतं.

काल वीरजी आले होते. कारखान्याच्या दारात बराच वेळ उभे होते, आत या म्हटलं तरी येईनात. सिंदरने चहा दिला, तो त्यांनी उभ्यानेच प्यायला. मग कारागिरांसमोर मला म्हणाले की तुझ्या हाताला बापूंची सफाई आहे आणि मी नऊ वर्षं खोटं बोललो. मी म्हटलं, वीरजी, प्रेसच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

भैणजी, वीज सकाळपासून गेलेली होती.

तुमचा,
सरवण