हिरवी चिंधी

सिन्नर,
रविवार, ११ जानेवारी २०२६

ती. गोविंदकाकांना उज्वलाचा नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. नांदगावचा पत्ता तुमच्या सूनबाईंनी, यशश्रीनं दिला. तिच्यावर रागावू नका. इकडे थंडी कडाक्याची आहे. अण्णांचे गुडघे पार गेलेत, पण जीभ शाबूत आहे. सकाळी शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात आणि मी पाना हातात घेतला की तिथून चुका काढतात. एकूण सगळं ठीक म्हणायचं.

मी बुटकी पुन्हा उघडलीय. तुम्ही आणि अण्णांनी भंगारातून आणलेली, टप चार इंच कापून बसकी केलेली आपली गाडी पाच वर्षं ताडपत्रीखाली होती. विंचूरच्या विहिरीवर पाणी उपसून म्हातारं झालेलं ते आठ सिलिंडरचं इंजिन मी एकटीनं चेन लावून बाहेर काढलं. क्रँक घासून आणला, बेअरिंगांत नवीन धातू ओतून घेतला. आता निळा रंग लावायचा, कुठे घासतं ते बघायचं, खरवडायचं, पुन्हा लावायचं. पुढचं आणि मागचं बेअरिंग बसलं, मधलं बसत नाही. चौदा वेळा काढलं-घातलं. पंधराव्यांदा घालीन. मी काही सोडणार नाही त्याला.

यशश्री म्हणाली, काका आता कशालाच हात लावत नाहीत, हत्यारं माळ्यावर टाकलीत. विहंगनं स्कूटरचा प्लग काढून द्या म्हटलं, तर स्वतःच्या मुलालासुद्धा "माझी नजर गेली" म्हणालात म्हणे. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

असो. असो कसलं, त्याच्याचसाठी तर लिहायला बसले.

तो दिवस मला सगळा आठवतो. नाशिकहून आलेली जुन्या गाड्यांच्या क्लबची मंडळी, पेढे, त्यांच्यातल्या मनोजचा कॅमेरा. बुटकी सुरू झाली, तीन मिनिटं काय सुरेख वाजली, आणि जॅम झाली. वर तेल गेलंच नव्हतं. अण्णा चारचौघांत तुम्हाला म्हणाले, "आत चिंधी ऱ्हायली असणार. गोविंदा, डोळे गेले तुझे. मोजायचं एक काम, ते बी नाय जमलं." तुम्ही एवढंच म्हणालात, "सात घातल्या, सात काढल्या." मग हात पुसलेत आणि गेलात.

तुमची रीत मला पाठ होती. इंजिन उघडं असलं की धूळ जाऊ नये म्हणून तेलाच्या भोकांत चिंध्या कोंबायच्या. जो कोंबेल त्यानं तिथल्या तिथे भिंतीवर खडूची रेघ मारायची. रेघा तेवढ्या चिंध्या बाहेर आल्याशिवाय खालचा तेलाचा चेंबर लावायचा नाही.

काका, आठवी मी घातली होती. तुम्ही चहाला गेला होतात. शेजारी ग्राइंडर चालू झाला, कीस उडायला लागला, म्हणून मी माझ्या जुन्या हिरव्या ओढणीचा तुकडा मागच्या भोकात कोंबला. खडू हाताशी नव्हता. मारू नंतर रेघ, म्हटलं, आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी इंजिन खोललं तेव्हा ती माझ्याच हातात आली. तेलानं काळी झालेली, पण कडेला हिरवी. मी ती खिशात टाकली. अण्णांना एवढंच सांगितलं, होती एक चिंधी. कुणाची, ते सांगितलं नाही. दहा वर्षं शेड झाडून, पाने पुसून मला त्या इंजिनाला हात लावायला मिळाला होता. बाईचा हात लागला म्हणून असं झालं, हे मला ऐकायचं नव्हतं. त्यापायी तुमचं नाव गेलं आणि मी ते जाऊ दिलं. भित्री होते, दुसरं काही नाही.

गेल्या सोमवारी अण्णांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी त्याला चारचौघांत बोललो ना? मग तू बी चारचौघांत सांग. मी बसतो शेजारी." आज सकाळी क्लबच्या मंडळींना शेडमध्येच बोलावलं. अकरा जण आले. तुकडा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मनोज म्हणाला, "पाच वर्षं गप्प बसलीस, कमाल आहे तुझी." खरंच होतं ते. मग अण्णा म्हणाले, "गोविंदाचं मोजणं पक्कं व्हतं. माझंच तोंड चुकलं." हे शब्द त्यांचे आहेत, मी एकही बदललेला नाही.

माफी मागते, पण ती द्याच असा हट्ट नाही. मधलं बेअरिंगही मीच बसवीन, त्यासाठी तुम्हाला बोलवत नाही. तुमची नजर कधीच गेली नव्हती काका, हे तुम्हाला तुमच्या डोळ्यांनी बघता यावं, एवढंच मला हवंय. रविवारी, एक फेब्रुवारीला चेंबर लावायचा ठरवलाय. मोजणी तुमच्याशिवाय करणार नाही. नाही आलात तर इंजिन उघडंच राहील. मी पुढच्या रविवारी वाट बघीन, आणि त्याच्या पुढच्याही.

या वेळी भिंतीवर आठ रेघा आहेत. मागच्या भोकात हिरवीच घातलीय, धुऊन. ती तुमच्या हातानं निघू दे.

रेघ मारायला विसरलेली,
तुमची उज्वला