त्रेपन्नावं वाचन

काबायग्वान, मंगळवार दुपार, वीज आहे तोवर

चि. ओस्वेल यास आजीचे पुष्कळ आशीर्वाद, आणि स्मरणशक्ती वाढो ही जास्तीची प्रार्थना.

आधी माझी ओळख करून देते. चार महिने तुझं पत्र नाही की फोन नाही, तेव्हा नाव विसरला असशील असं धरून चालते. मी एलोदिया. तुझ्या आईची आई. डाव्या गालावर तीळ, उजव्या गुडघ्यात वात. तू देश सोडून निघालास त्या सकाळी तुझा पासपोर्ट ज्या बाईला फ्रीजमध्ये सापडला, ती मी. ओळख पटली असेल तर विचारते, तब्येत कशी आहे? तेनेरिफेला वारा फार म्हणतात, कान झाकतोस ना? हॉटेलात ताटं उचलून पाठ धरते का? इकडे सगळं क्षेम आहे. कोंबडी बरी आहे. माझं हृदयही बरं आहे, त्याच्याबद्दल एक कबुली द्यायची आहे, पण ती मागाहून. पत्र शेजारची मिर्ता लिहितेय, शाळेतून निवृत्त झालेली. तिला बजावलंय की मी बोलेन तेच लिहायचं, सुधारायचं नाही. (ती म्हणते, मी एका वाक्यात तीन विषय कोंबते. कोंबते. घोडागाडीत आपण सहा माणसं नाही का कोंबत?)

तर बातमी अशी की तुझ्या आजोबांचा आवाज गेला. आन्सेल्मोला जाऊन चार वर्षं झाली हे मला कळतं, अजून इतकी म्हातारी झाले नाही. मी म्हणते तो आवाज त्या काळ्या डिस्कमधला. शेवटच्या हिवाळ्यात तू रोज दुपारी त्याच्या तोंडासमोर फोन धरून बसायचास आणि तो दीपगृहाच्या रखवालदाराची ती जाड कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा, ती त्रेपन्न वाचनं. जाताना तू म्हणालास, "आजी, दुसरी प्रत माझ्याकडे आहे, काळजी सोड." ती दुसरी प्रत करायची तू विसरलास हे तुझ्या आईने मला परवा सांगितलं. मी चिडले नाही. फ्रीजमध्ये बघून आले फक्त.

तुला ठाऊक आहे, मी रोज दोन वाजता झुलत्या खुर्चीत बसून एक वाचन ऐकते. बावन्न झाली की पुन्हा पहिल्यापासून. त्रेपन्नावं मी आजवर लावलेलं नाही. का, ते विचारू नकोस. पुस्तक संपलं की वाचणारा खाली उतरतो, डोक्यावर टोपी घालतो आणि घरी जातो; चाळीस वर्षं चिरुटांच्या कारखान्यात, आम्ही वळायचो आणि आन्सेल्मो मचाणावरून वाचून दाखवायचा, तिथे मी तेच पाहिलं. शेवटचं वाचन शिल्लक आहे तोवर तो मचाणावर बसलेला आहे, इतकंच.

आता अपराध. टीव्हीवरच्या त्या डबीला डिस्क लावली की तिला वेगळी वीज लागते. तू दोन काळ्या वायरी ठेवून गेलास, एक डिस्कची, एक तुझ्या जुन्या कॉम्प्युटरची. दोघींची टोकं जुळ्या बहिणींसारखी. घाईत मी हाताला आली ती खुपसली. वायरीवर आकडे होते म्हणे, बारा आणि एकोणीस. आकडे मला येतात रे, पण मुंगीने लिहिलेल्या आकड्यांसाठी चष्मा कोण शोधत बसणार? फुस्स झालं, करपलेल्या कांद्यासारखा वास आला, आणि आन्सेल्मो गप्प. लग्नाच्या पन्नास वर्षांत मी त्याला इतक्या झटपट कधी गप्प केलं नव्हतं.

रेनेरिओला बोलावलं. पंखे, घड्याळं आणि लायटर दुरुस्त करणारा तोच, तुझ्या आईच्या वर्गातला. त्याने डिस्क कानाला लावून हलवली आणि म्हणाला, "मावशी, आवाज आतल्या चकत्यांवर आहे, त्याला काही झालेलं नाही. जळलाय तो खालचा हिरवा बोर्ड." स्क्रू चांदणीच्या तोंडाचे निघाले, तेव्हा त्याने सायकलचा स्पोक घासून त्याची किल्ली केली. बोर्डावर मिरीच्या दाण्याएवढा एक तुकडा दाखवला. जास्त वीज आली की सगळ्यांच्या आधी आपण मरायचं, एवढंच त्याचं काम. (थोरल्या मुलींना असंच वाढवतात.) तो उपटला, तरी डिस्क मुकीच. मोठा तुकडाही गेला होता. मग अगदी तसाच, सगळे आकडे जुळणारा बोर्ड शोधायचा. रेनेरिओने अख्ख्या प्रांतात निरोप धाडले, माझ्यासाठी स्थळ शोधतानाही कोणी एवढे धाडले नसतील. सहा आठवड्यांनी प्लासेतासच्या एका फोटोग्राफरकडे मिळाला. पोरींच्या पंधराव्या वाढदिवसांचे फोटो काढतो तो. त्याची डिस्क गच्चीवरून पडून मेली होती, बोर्ड धडधाकट. बदल्यात त्याने माझ्या हातची पंचवीस चिरुटं मागितली. आठ वर्षांनी पुन्हा फळी मांडीवर घेतली आणि वळली. पहिली दोन इतकी वाकडी झाली की आन्सेल्मोने त्यांवर भाषण केलं असतं.

बोर्ड लावला. डिस्क फिरली! पण बोलेना. रेनेरिओ डोकं खाजवत म्हणाला, "प्रत्येक बोर्डावर आठ पायांचा एक किडा असतो, मावशी. तो आपल्या एकाच डिस्कला ओळखतो. हा प्लासेतासचा किडा तुमच्या घराची वाट चुकतोय. आपला किडा काढून इथे बसवायला हवा, आणि तो तांदळाच्या दाण्याएवढा आहे." मी म्हटलं, मग बसव. म्हणाला, "हात थरथरतात हो." कॉफीने थरथरतात म्हणाला. आम्ही कॉफीच धरू.

शेवटी मीच बसले. मिर्ताची इस्त्री दोन विटांमध्ये उलटी ठेवून तापवली, तिचाच भुवया उपटायचा चिमटा घेतला, आन्सेल्मोचं वाचायचं भिंग रेनेरिओने माझ्या डोळ्यासमोर धरलं. डाख नीट धरावा म्हणून आस्पिरीनची गोळी चुरून लावायची असते. तिचा धूर असा की तिघंही कोणी मेल्यासारखी रडत होतो. आणि तरी माझा हात उचलेना. मग लक्षात आलं, वाचन नाही! चाळीस वर्षं या बोटांनी कोणी वाचत असल्याशिवाय काम केलेलं नाही. म्हटलं, मिर्ता, वाच काहीतरी. ती गडबडली, ओट्यावरचा जुना पेपर उचलला आणि उसाच्या गाळपाची बातमी वाचू लागली. वाचते ती हजेरी घेतल्यासारखी. (लिही, मिर्ता, खाडाखोड नको.) पण आवाज तो आवाज. मला एकदम ती लांब खोली दिसली. दोनशे जण माना खाली घालून बसलेले, ओल्या तंबाखूचा वास, आणि मचाणावर सव्वीस वर्षांचा काटकुळा आन्सेल्मो, सकाळी पेपर, दुपारी कादंबरी. कादंबरीत कोणी मेलं की त्या दिवशी चिरुटं जरा सैल वळली जायची आणि मुकादम ओरडायचा. आणि वाचन रंगलं की आम्ही सगळे आपापली चावेता, ती पान कापायची अर्धगोल पाती, फळीवर आपटायचो. टाळ्या वाजवायला हात मोकळे कुठे असत? दोनशे पाती एकदम! पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटायचं, आणि तो मान इतकी खाली घालायचा की मचाणावरून पडेल.

लोक विचारतात, वाचणाऱ्याशी लग्न करून अक्षरं कशी शिकली नाहीस? एकसष्ट साली सरकारने सगळ्यांना साक्षर करायचं ठरवलं, तेव्हा शहरातली एक पोरगी शिकवायला आली होती की. शेवटी प्रत्येकाने एक पत्र लिहून दाखवायचं होतं. माझं आन्सेल्मोने लिहिलं, आणि ते इतकं गोड उतरलं की पोरगी रडली. सरकारदरबारी मी साक्षर आहे, बाहेर बोलू नकोस. मी शिकले असते तर त्याने घरी वाचून कोणाला दाखवलं असतं? कोंबडीला?

तर किडा. त्याच्या एका कोपऱ्यात ठिपका असतो, तो बोर्डावरच्या ठिपक्याकडे यायला हवा. जन्मात तेवढं एक अक्षर मी स्वतः वाचलं, आणि बरोबर वाचलं. उसाचं गाळप संपायच्या आत किडा बसला. डिस्क लावली, फिरली, आणि रेनेरिओच्या कॉम्प्युटरवर सगळी त्रेपन्न नावं ओळीने उभी राहिली. मिर्ताने मला मिठी मारली, मी ती नाकारली नाही.

रेनेरिओ म्हणाला, "आता ऐकायचं नाही. आधी सगळं उतरवून घेऊ, हिचा भरवसा नाही." एकेक वाचन उतरत गेलं. डिस्कला दम लागत होता, मध्येच थांबायची. दोन तास गेले. बावन्न झाली, त्रेपन्नावं सुरू झालं, आणि माझ्याने राहवेना. म्हटलं, उतरलेलं बावन्नावं तरी लाव, त्याने काय बिघडतं? लावलं. आन्सेल्मो वाचतोय, रखवालदार जिना चढतोय, आणि मागून एक कर्कश बाई ओरडते, "आन्सेल्मो, गोफिओ थंड होतोय!" आणि तो, तुझा आजोबा, घसा खाकरून, थेट मचाणावरच्या आवाजात म्हणतो, "बाई, वाचन चालू आहे. शांत बसा, नाहीतर मुकादमाला सांगेन."

ओस्वेल, माझ्या हातात चावेता होती. मी ती टेबलावर आपटली. एकदा नाही, तीनदा, पूर्वीसारखी, सगळं बळ लावून.

टेबलावर डिस्क होती.

तिने टक् टक् टक् केलं आणि थांबली. रेनेरिओ ओरडला, "मावशी, फिरत्या डिस्कला धक्का देतात का कोणी! बोर्डाने मरत नव्हती, टाळ्यांनी मारलीत!" आता बोर्ड बदलून उपयोग नाही म्हणतो, आतल्या चकतीवरच ओरखडा गेला. मी म्हटलं, चांगल्या वाचनाला पाती वाजली नाहीत असं आमच्या कारखान्यात एकदाही घडलेलं नाही. त्याने स्क्रू गोळा केले. चांगला माणूस आहे, कॉफी कमी करायला हवी.

बावन्न वाचनं सुखरूप आहेत. काळजी करू नकोस. आईला फोन कर.

तुझी आजी,
एलोदिया
(सही आन्सेल्मोने शिकवलेल्या फुलीची, ती माझीच.)

ता. क. तू माझ्या हृदयासाठी पाठवलेल्या आस्पिरीनच्या गोळ्यांपैकी सात किड्याला लागल्या. कोणाच्या का असेना, हृदयालाच लागल्या.

ता. क. या पाकिटात कादंबरीची शेवटची एकवीस पानं आहेत. मी चावेतेने कापली. पुस्तक कापलेलं पाहून मिर्ता पोटची मुलं सोडून गेल्यासारखी रडली. त्रेपन्नावं वाचन झालं तेव्हा फोन धरून तू होतास, दुसरं कोणी नव्हतं. तुझा गळा त्याचाच आहे, विसराळूपणा तुझा स्वतःचा. ती पानं मोठ्याने वाच आणि आवाज पाठव. त्याला जिथे दम लागला होता तिथे थांब. जिथे तो हसला होता तिथे, येत असलं तर, हस.

ता. क. घाई नाही. दीपगृहाचा दिवा शेवटी लागतो की नाही ते मला ठाऊक आहे, कारखान्यात तीनदा ऐकलंय. आणि तू पाठवलेलं मी लावीन असंही नाही. फक्त बावन्नच्या पुढे एक असायला हवं.

ता. क. कोणी येणार असेल त्याच्याबरोबर गोफिओ पाठव. भाजलेल्या मक्याच्या पिठाचा, दोन पाकिटं. गव्हाचा नको, तो घशात बसतो. गरम दुधात कालवून टेबलावर ठेवणार आहे, आणि या खेपेला तो थंड होऊ देणार आहे.