लाल फुली नसलेल्या बाटल्या

मंगळवार संध्याकाळ, द्वारका

काल राजबालाजींवर उगाच खेकसले. लॅबमधल्या बाटल्या धुणं त्यांचं काम, आणि माझे शनिवारचे जंतू सोमवारीही तसेच पडलेले. फेकायच्या बाटलीवर आपण लाल फुली मारायची, हा नियम. मीच विसरले होते. त्या एवढंच म्हणाल्या, "मॅडम, बिना क्रॉस के मैं किसी की मेहनत नहीं फेंकती."

रविवारी ताजे जंतू लावायला मी गेलेच नव्हते, आणि ज्यांच्यात जंतू सोडायचे त्या पेशी तर तयार होत्या. मग कालच तेच शिळे, बाटलीतलं खाणं संपून उपाशी पडलेले साल्मोनेला जंतू पेशींवर सोडले. आज मोजले. साधे जंतू पेशींच्या आत मजेत जगलेत. ज्यांच्यातलं ताण झेलणारं जनुक मी काढून टाकलंय, ते जवळजवळ सगळे मेले!

इतके महिने दोन्ही सारखेच वागत होते. सर तर म्हणत होते, सोड हे जनुक. पण मी जंतूंना रोज ताजं, भरपेट खायला घालून परीक्षा घेत होते. लाडात वाढलेल्याला ते जनुक लागेल कशाला? आजारी पाडायची ताकद उपासमारीतच कळणार ना. हे मला सुचलं कसं नाही?

पुन्हा करून पाहायचंय, बिल्कुल. एकदाच आलेलं काय खरं धरायचं.

निघताना राजबालाजींची माफी मागितली, सगळं सांगितलं. मग त्याच बाटल्यांवर लाल फुली मारायला पेन उघडलं, आणि हात धजेना. त्या बघत उभ्या.

"अब तो लगा दो, मॅडम. मुझे भी घर जाना है."