उठताना हात आधी कुठे जातो

बाबा, काल मी बोडीच्या पारीवर जाऊन आले. आपल्या मागच्या दारातून निघायचं, दोन धानाच्या बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यावरून तोल सांभाळत जायचं आणि मग त्या इवल्याशा तळ्याभोवतीच्या मातीच्या पारीचा चढ चढायचा. माझं वय चौपन्न, एक गुडघा कुरकुरणारा. मला पोचायला दोनदा थांबावं लागलं. वर गेल्यावर बसायला एक चपटा दगड आहे. पाठ टेकायला मागे मोहाचं झाडही आहे. जागा चांगली निवडलीत. तुम्ही एक्क्याऐंशीचे होतात, खुब्यात सळई होती, आणि माझ्या माहितीप्रमाणे तुम्हाला खाटेपासून दारापर्यंतची चार पावलंसुद्धा टाकता येत नव्हती. ही माहिती मी अडीच वर्षं सांभाळली. तुम्हाला न्हाऊ घातलं, कुशीवर वळवलं, टाचांखाली मऊ कापडाच्या घड्या ठेवल्या. आणि हे सगळं करून रोज वैनगंगेचा पूल ओलांडून नर्सिंगच्या मुलींना म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा शिकवायला जात राहिले. अभिनंदन.

मला हे कळून महिना झाला. शेजारच्या काकू, मी कामावर गेले की तुमच्याजवळ येऊन बसायच्या त्या, आता स्वतःच गुडघ्यांनी हैराण आहेत. त्यांच्या गुडघ्याला पट्टा बांधता बांधता मी माझं नेहमीचं पुराण लावलं होतं. म्हटलं, काकू, रोज थोडं चाला, नाहीतर बाबांसारखं खाटेला चिकटाल. त्या हसल्या. म्हणाल्या, "गुरुजी कायले चिकटतेत खाटेले? तुमची गडचिरोलीची गाडी गेली का उठत होते. काठी घेऊन बोडीवर. घडीभर बगळे पाहत बसो, मंग येऊन निजो. मी मागं मागं राहो, पडले-गिडले तं म्हणून."

"मले काऊन नाई सांगितलं?" धक्का बसला की माझ्या तोंडून घरची बोली निघते. वर्गात तुम्ही ती खोडून काढायचात आणि घरी स्वतःच बोलायचात.

"आण घातली होती नं, सिस्टरबाई. म्हणत, मी चालून राह्यलो हे पोरीले समजलं तं ते मले सोडून जाईन नागपूरले."

मी विचारलं, मग आता कशी सुटली आण? तर म्हणाल्या, "ज्याची आण तो माणूसच नाई राह्यला. आता ठेवून काय करू?" तर्कशास्त्रात तुम्ही त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण माझा चेहरा पाहून त्या ओशाळल्या. तेव्हापासून दर बुधवारी स्वतःच्या पायांनी येऊन मला अंबाडीची भाजी देऊन जातात. म्हणजे माझा चालण्याचा सल्लाही पाळला जातो आहे.

मला फसवायला तुम्ही कुठली विद्या वापरलीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. कारण ती मला तुम्हीच शिकवली होती. मी सात वर्षांची आहे. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत गावात नाटक आहे आणि शाळेचे संस्कृतचे गुरुजी त्यात म्हातारा बाप झाले आहेत. तुमचं वय तेव्हा जेमतेम चौतीस. केसांना पीठ लावलेलं, आवाज तोच. पण तुम्ही बाजेवरून उठू लागलात आणि मी रडायला लागले, कारण माझे बाबा खरंच म्हातारे झाले होते. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आई चुलीवर भात ठेवत असताना तुम्ही मला समजावलंत. म्हणालात, कंबर वाकवून कुणी म्हातारा होत नाही, ते हौशी लोक करतात. म्हातारा माणूस उठायच्या आधी हात कुठे ठेवायचा ते शोधतो. आधी हात, मग डोळे, मग पाय. आणि तुम्ही चुलीसमोरून तसं उठून दाखवलंत. आई म्हणाली, पुरे करा, लागेल कुणाची नजर. हा माझा वार्धक्यावरचा पहिला तास. पुढे मी पाठ्यपुस्तकं पुष्कळ वाचली, त्यांत इतकं नेमकं काही सापडलं नाही. आजही पहिल्या दिवशी मी मुलींच्या गुडघ्यांना ओढणी घट्ट बांधते, बुटांत धानाचे दाणे घालते, चष्म्यांना तेल फासते आणि व्हरांड्यातून चालवते. त्या खिदळतात, मग हळूहळू भिंतीचा आधार शोधू लागतात. मग मी विचारते, बाकावरून उठताना हात आधी कुठे गेला? तुमचं नाव न घेता तुमचं वाक्य इतकी वर्षं खपवते आहे.

खुबा मोडलात तेव्हा चंद्रपूरला शस्त्रक्रिया झाली, डॉक्टर म्हणाले की महिना-दीड महिन्यात काठीवर चालतील. मी मूलच्या बाजारातून वेताची काठी आणली. तुम्ही ती हातात घेऊन तोललीत आणि म्हणालात, वजनाला बरी आहे, विद्यार्थी आता कुठून आणू. पंधरा दिवस चाललात. त्याच सुमारास नागपूरच्या कॉलेजचं पत्र आलं, उपप्राचार्याची जागा, सोबत राहायला घर. पत्र मी तुम्हाला वाचून दाखवलं, कारण तुमचा चष्मा सापडत नव्हता. तुम्ही म्हणालात, उत्तम, जा. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना तुमचा हात खाटेची कड शोधू लागला. मग डोळे. पायांची पाळी आलीच नाही. मी तुमची सगळी तपासणी केली. स्मृती पाहायला विचारलं, आज तारीख काय? तुम्ही तिथी सांगितलीत, वर नक्षत्रही. मला ते बरोबर की चूक हे ठरवता येईना, म्हणून मी पूर्ण गुण दिले. ताकद पाहायला म्हटलं, पाय उचला. तुम्ही इतक्या मनापासून उचलला नाहीत की मी लाजून विषय सोडला. आठवड्याने नागपूरला नकार कळवला.

राग कशाचा आहे ते नीट सांगते. थांब म्हटलं असतंत तर मी कदाचित थांबले असते. कदाचित भांडून गेले असते आणि शनिवारी परत आले असते. तुम्ही तो प्रश्न माझ्यापुढे येऊच दिला नाहीत. आणि दुसरं, ते मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. दिवसाचा अर्धा तास तुम्ही बगळे पाहायचात, पण मी घरी असले की मला दाखवण्यासाठी पडून राहायचात. सुट्टीच्या दिवशी तर सकाळपासून. पडून राहिलेल्या माणसाच्या छातीत कफ साठतो, बाबा, मग तो खरा अपंग असो की नट. शेवटच्या थंडीत तो साठला. तेव्हा मी उठवून बसवायला गेले तर तुमचा हात खाटेच्या कडेवर गेला आणि तिथेच राहिला. मला वाटलं, नेहमीसारखंच. त्या वेळी ते खरं होतं. इतका चांगला अभिनय करायला नको होता.

आज वर्गात आरमोरीकडच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, पेशंटले जमते, तरी नाई जमत म्हणून राह्यला तं कसं ओळखायचं?" बाकीच्या हसल्या. मी म्हटलं, हसू नका, प्रश्न चांगला आहे. आणि उत्तर सांगायला लागले. माणसाला विचारू नका, वस्तूंकडे पाहा. चपलेचा तळ पाहा, धोतराची खालची किनार पाहा. काठी कोपऱ्यात उभी असेल तर तिच्या टोकाचं रबर झिजत नाही. म्हणून ते उलटून पाहा. इथवर आले आणि थांबले. मुली वह्या उघडून वाट पाहत होत्या. मी त्यांना पाच मिनिटं आधी सोडलं.

तुमच्या काठीचं रबर मी दोनदा बदललं होतं.

पहिल्यांदा पहिल्याच पावसाळ्यात. झाडताना काठी हातात आली, टोक एका बाजूने तिरपं झिजलेलं, खाचांत बोडीची काळी माती. तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपला होतात, झोप लागलेल्या माणसापेक्षा जरा जास्तच नियमित श्वास घेत. माती मी पदराने पुसली. मूलच्या औषधांच्या दुकानात नवं रबर घेताना दुकानदाराने विचारलं, चालायला लागले का गुरुजी? मी म्हटलं, नाही हो, जुनं हरवलं. त्या वेळी नागपूरची जागा अजून रिकामी होती. त्यांनी पुन्हा फोन करून विचारलंही होतं. मला तिथल्या इंग्रजी व्याख्यानांची धास्ती होती, तिथल्या मोठ्या मॅडम लोकांची धास्ती होती. इकडे नदीपलीकडच्या नर्सिंगच्या वर्गात मी एकटीच मॅडम होते. आणि लोकांना सांगायला अंथरुणाला खिळलेला बाप होता, त्यापुढे कुणी काही विचारत नाही. फोनवर मी तेच सांगितलं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून ऐकत होतात. तुम्हाला उठवून चालवणं हे माझं काम होतं, ते मला येत होतं, आणि मी टाचांखाली घड्या ठेवत राहिले.

हे महिनाभर मला आठवत नव्हतं, असं लिहिणार होते. आठवत होतं. ते जुनं रबर शिवणाच्या डब्यात आहे, हे पत्रही तिथेच जाईल.

काकूंना यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांच्या हिशेबी मी बापाने फसवलेली मुलगी आहे. उद्या बुधवार. त्या भाजी घेऊन येतील, ओट्यावर टेकतील, म्हणतील, "गुरुजीनं असं कराले नव्हतं पाहिजे." मी हो म्हणेन आणि भाजी ठेवून घेईन.