पाला कडू लागला

मंगळवार, भादवा, १९७१

दिवेलागनीला नाव घेऊ न्हाई म्हनतात, पन लिवते. नाग हुता.

माझी धाकली जाऊ ठकू दुपारी भिंतीकडच्या ढिगातनं गवऱ्या काढाया गेली. आदी काठी आपटावी, मंग हात घालावा. किती येळा सांगितलं तिला. घातलाच हात. बोटाला डसला.

भावजींनी लिंबाचा पाला आनून तिला चावाया दिला. गोड लागला तर इख चढलं, कडू लागला तर भ्या न्हाई. ठकू थुकली. "कडू हाय वो, लई कडू!" समद्यांचा जीव भांड्यात पडला. भावजी रानात गेले बी. मी म्हनलं, "ठके, तुला चावून त्यो नागच मेला आसंल." हसली.

मंग तिच्या पापन्या खाली याया लागल्या. मी आपली चिडवतीय, "काम आलं की झोप येती व्हय गं?" तर म्हनली, "आक्का, डोळं उघडंनात." जीभ जड झाल्ती.

गाडी जुपून कर्जतच्या दवाखान्यात नेलीया. अजून कुनी माघारी न्हाई.

पाला अंगनातच पडलाय. मगाशी चावून बघितला. कडू. मला काय डसलं न्हाई, तरी कडू. तिला डसलं, तरी कडू. मंग पाल्याला काय कळतंय? हे दुपारी का न्हाई सुचलं?

तिची पोरगी भुकेली हाय, चुलीला गवऱ्या पायजेत. काठी घेऊन गेले. ढिगावर आपटतच ऱ्हायले. हात काय घालवंना.