माझ्या नावावरची बस

ती. स्व. मामांच्या चरणी भाच्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (हात मोकळे आहेत तोवर जोडून घेतो, पुढचं कुणी पाहिलंय).

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? सभागृहाच्या जिन्याला तुम्ही कठडा बसवून घेतलात असं आईकडून कळलं. बरं केलंत, निवडून आलेल्या माणसाने पडू नये. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे आईचा रक्तदाब, तुमच्या भाचेसुनेचं डोकं आणि माझी झोप एवढं सोडून. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण हल्ली फोनमध्ये मधेच कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटतं. (तो माझाच श्वास आहे, असं ही म्हणते.) म्हणून पत्र. उभे असाल तर बसा. बसला असाल तर पाणी जवळ घ्या.

मी सरकारी नकाशांच्या छापखान्यात मशिनवर आहे, हे तुम्हाला ठाऊकच. आजवर बाहेरच्या दालनात शाळेचे नकाशे छापत होतो. नदी निळी, डोंगर तपकिरी, कुणीही बघावेत असे. मध्यंतरी मला आतल्या दालनात घ्यायचं ठरलं. तिथे लोखंडी दार आहे, आणि तिथले नकाशे छापणाऱ्यानेसुद्धा फार निरखायचे नसतात. त्यासाठी सुरक्षा परवाना लागतो, आणि परवान्यासाठी आपली सगळी मालमत्ता लिहून द्यावी लागते. कारण उघड आहे. ज्याच्याकडे लपवलेलं घबाड असतं, त्याला कुणीही कोपऱ्यात गाठून दम देऊ शकतं, आणि दम दिला की माणूस गुपित ओकतो. (तुम्हा निवडून आलेल्या मंडळींनाही दरवर्षी असंच विवरण द्यावं लागतं. त्यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. किती जास्त, ते पुढे येतंय.)

मी लिहायला बसलो तेव्हा छाती फुगली होती. लपवायला काही नसणं हीसुद्धा एक श्रीमंतीच, असं मी हिला म्हणालोही. ही म्हणाली, "मग तेवढीच लिहा, दुसरं आहे काय आपल्याकडे?" तरी मी कसूर केली नाही. शिलाई मशीन लिहिलं. सायकल लिहिली (मागचं चाक शेजाऱ्यांचं आहे, तेही लिहिलं). शेजाऱ्यांच्या आणि आमच्यामधल्या भिंतीची आमच्याकडची बाजू लिहिली. आईच्या बांगड्या लिहायला गेलो तर ती म्हणाली, त्या माझ्या आहेत, सरकारला बघायच्या असतील तर सरकारने हात धुऊन यावं. म्हणून बांगड्यांपुढे 'वादग्रस्त' असं लिहून सही ठोकली.

मग बोलावणं आलं. खोलीला खिडकी नव्हती. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ काढल्याचा गोल डाग. समोरच्या साहेबांचा आवाज इतका मऊ, की दाताचा डॉक्टर सुई लावण्याआधी बोलतो ना, तसा. मी मनातल्या मनात त्यांचं नाव मऊसाहेब ठेवलं. त्यांनी माझा अर्ज वाचला, भिंतीच्या नोंदीपाशी जरा थांबले आणि विचारलं, "आणखी काही राहिलंय का?" मी नाही म्हणालो. त्यांनी तेच पुन्हा विचारलं, अगदी त्याच स्वरात. मामा, ओरडणारा माणूस परवडला. तिसऱ्यांदा विचारल्यावर माझी पाचावर धारण बसली, आणि मी ग्रंथालयाचं न परत केलेलं पुस्तक, साडूने दिलेलं घड्याळ आणि छापखान्यातून पुसायला म्हणून घरी नेलेली दोन फडकी, एवढं सगळं कबूल करून टाकलं. साहेबांनी त्यातलं एकही लिहून घेतलं नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

नंतर त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "कामावर येता कसे?"

बसने येतो, म्हणालो. कोणत्या, तर हिरव्या. आता विषय सोपा झाला असं वाटून मी जरा सैलावलो आणि त्या बसची यथेच्छ निंदा केली. बसायला जागा मिळत नाही, खिडक्या लागत नाहीत, कंडक्टर माणसाला पोत्यासारखा ढकलतो. म्हटलं, असल्या बसच्या मालकाला भर चौकात उभं केलं पाहिजे. साहेबांनी पेन खाली ठेवलं. एक कागद माझ्याकडे सरकवला. वाहन नोंदणीचा उतारा होता. हिरवी बस. मालक म्हणून माझं नाव, वडिलांचं नाव, जुन्या घराचा पत्ता, आणि खाली माझी सही. 'स'ची शेपटी लांब ओढलेली, मी कॉलेजात असताना करायचो तशी.

मी हसलो, मामा. भीतीने माणूस रडतो असं आपण समजतो, पण मी हसलो, आणि ते मात्र साहेबांनी लिहून घेतलं.

मग हळूहळू सगळं आठवलं. तुम्ही पहिल्यांदा निवडून आलात त्या वर्षी घरी आला होतात. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला होतात, "कर रे सही, तुझ्याच भल्याचं आहे." मला वाटलं, आयुर्विम्याचा कागद असेल. मामा म्हणजे आईचा भाऊ, त्याच्या कागदावर कुणी वाचून सही करतं का? तुम्ही वाहतूक समितीवर बसणार, आणि समितीतल्या माणसाला शहराच्या रस्त्यावर स्वतःची बस चालवता येत नाही, हे मला त्या खोलीत मऊसाहेबांनी समजावून सांगितलं. (तुमचं नाव न घेता. नुसतं म्हणाले, 'समजा, एखादा लोकप्रतिनिधी असेल.') खुलासा करायला त्यांनी मला सोमवारपर्यंतची मुदत आणि त्या उताऱ्याची नक्कल दिली आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. खरं सांगतो, ते पत्र उतरलं तेव्हा मान हलकी व्हायच्या ऐवजी पार खाली गेली.

दुसऱ्या दिवसापासून मला कागदाच्या गोदामात बसवलं. बरोबर जेवणाऱ्यांना एकाएकी वेगवेगळी कामं निघाली. दारावरचा पहारेकरी, ज्याच्या मुलीला मी गणित शिकवलं, त्याने माझ्या डब्यातली भाजी चमच्याने ढवळून बघितली आणि वर म्हणाला, "राग मानू नका, बस लपवणारा माणूस भाजीत काय लपवील सांगता येत नाही." म्हणजे गुप्त चौकशीची बातमी त्याच्यापर्यंत गेलेली. आमचं खातं नकाशे सांभाळतं, बाकीचं सांभाळत नाही.

पण खरी भीती मला खोलीत नाही, बसमध्ये वाटली. इतकी वर्षं मी तिच्यात प्रवासी म्हणून उभा होतो. आता मालक म्हणून उभा राहिलो तर काय काय दिसावं! टायर माझ्या टकलाइतके गुळगुळीत. मागचं संकटकाळी उघडायचं दार सुतळीने बांधलेलं. उतारावर ब्रेक दाबला की खालून अशी किंकाळी येई की मुलं आईला बिलगत. मी लोकांची तोंडं बघत होतो. शाळेचं दप्तर मांडीवर घेतलेली पोर, हात प्लास्टरमध्ये असलेला गवंडी, दवाखान्यात निघालेल्या आजी. उद्या काही झालं तर कागदावर ह्या सगळ्यांचा काळ मी. चालत जावं म्हटलं, तर मी चालत गेल्याने ब्रेक थोडेच लागणार होते? म्हणून पुढे जाऊन ड्रायव्हरच्या कानाशी विचारलं, ब्रेकचं काय? तो वयस्कर माणूस, तुमच्याच वयाचा. रस्त्यावरून नजर न काढता म्हणाला, "साहेब, वसुलीला माणूस येतो त्याला दर वेळी सांगतो. तो म्हणतो, मालक कंजूष आहे, छापखान्यात असतो, दमडी सोडत नाही."

मामा, बस माझ्या नावावर केलीत ते एक वेळ ठीक. पण कंजूषपणाही माझ्याच नावावर केलात.

शुक्रवारी सकाळी जे व्हायचं ते झालं. दवाखान्याच्या उतारावर किंकाळीच आली नाही. ड्रायव्हर दोन्ही पाय देऊन ब्रेकवर उभा राहिला, "धरून बसा!" एवढंच ओरडला आणि बांधकामाच्या वाळूच्या ढिगात त्याने गाडी घातली. देव म्हणा, वाळू म्हणा, कुणीतरी वाचवलं. आजींचा चष्मा फुटला, माझ्या कपाळाला टेंगूळ आलं, पोर घाबरून गप्पच झाली. ती रडेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. पण लोक खाली उतरले आणि त्यांचं घाबरणं संपून रागवणं सुरू झालं. दोघांनी ड्रायव्हरची गचांडी धरली. कुणीतरी ओरडलं, मालक कोण आहे, आणा त्याला.

मी खांबाच्या मागे होतो, ते कबूल करतो. खांब बारीक होता. त्या म्हाताऱ्याची टोपी खाली पडली, त्यावर कुणाचा तरी पाय पडला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मालक मी आहे. त्यांना सोडा."

लोकांनी माझ्या शर्टाकडे बघितलं. कंडक्टर, ज्याने मला आजवर पोत्यासारखं ढकललं, तो मध्ये पडला आणि म्हणाला, "ह्यांचं मनावर घेऊ नका. रोजचे पासवाले आहेत, डोक्याला लागलंय बहुतेक." मी खिशातून नोंदणीचा उतारा काढून दाखवला. मग आजी डोळे बारीक करून म्हणाल्या, "एवढा मालक, आणि मेला रोज उभ्याने येतो?" कुणीतरी हसलं आणि मारामारी टळली. मला मात्र कुणीतरी मारलं असतं तर बरं झालं असतं असं वाटत राहिलं.

सोमवारी मी त्याच खोलीत गेलो. मऊसाहेबांनी टेंगळाकडे बघून पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. सही कुणी घेतली, केव्हा घेतली, वसुली कुठे जाते. त्यांनी विचारलं, "नाव?" मामा, मी तुमचं नाव सांगितलं. घरी येऊन आईला सांगितलं. तिने उठून पंखा बंद केला. उकाड्यात आम्ही तिघंही तसेच बसून राहिलो.

साहेब म्हणाले, तुमच्या सभागृहाकडून तुम्हाला विचारणा होईल. तोवर माझा परवाना टांगलेला. तेव्हा पाया पडून मागणं एवढंच, की बस तुमची आहे असं लिहून द्या. पद जाईल कदाचित, पण तुमची पेन्शन आहे, घर आहे, गुडघा आहे. माझ्याकडे भिंतीची एक बाजू आहे. चुकलो असेन तर पोटात घाला.

तुमचा भेदरलेला भाचा

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधीच आईला तुमचा फोन आला. मी शेजारीच होतो. तुम्ही सभागृहाला लेखी देऊन मोकळे झालात, की 'सदर बसशी माझा काडीचाही संबंध नाही, कधी नव्हता, आणि पुढेही असणार नाही.' कानांवर हात ठेवायचे म्हणजे किती घट्ट, ते तुमच्याकडून शिकावं. आई तुम्हाला काय म्हणाली ते तुम्ही ऐकलंच आहे, मी लिहीत नाही.

ता. क. दुसरा. सभागृहातून तुमच्या लेखी जबाबाची नक्कल काढून मऊसाहेबांकडे गेलो होतो. त्यांनी ती दोनदा वाचली आणि पहिल्यांदाच हसले. मला म्हणाले, "त्यांचा संबंध नाही म्हणजे बस निखालस तुमची. विवरणात लिहा, मालमत्ता उघड झाली की लपवलेलं काही उरत नाही." ओळखपत्राचं एवढ्यात सांगता येत नाही म्हणाले, पण खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी शिलाई मशीन आणि सायकल यांच्या मध्ये बस लिहिली.

ता. क. शेवटचा, आणि पत्राचं खरं कारण आता हेच समजा. गाडी गॅरेजमध्ये आहे, ब्रेक आणि टायर नवे बसतायत, मागच्या दाराची सुतळी मी स्वतः कापली. वसुलीच्या माणसाला पाठवू नका, ड्रायव्हर त्याला गाडीत चढू देणार नाही. गाडीची दुसरी किल्ली आणि विम्याचे कागद तुमच्याकडे असतील ते रजिस्टर टपालाने पाठवा. हे लिहिताना हात भयंकर कापतोय, अक्षर तसं दिसेल, पण मजकूर पक्का धरा.